पडून असलेल्या माणसाला किती लागतं

अन्याय झाला तो सुजातावर. सुजाता माझी मोठी बहीण, भीमपूर मंडलातल्या एका गावच्या मराठी शाळेत मास्तरीण. आणि झाला तो श्रावण पौर्णिमेच्या दिवशी, दिवेलागणीला, आदिलाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात, जेव्हा कॅज्युअल्टीतल्या एका माणसानं दारातूनच तिच्याकडे पाहिलं आणि वजनाच्या रकान्यात 'पंचेचाळीस' लिहिलं.

निदान मात्र आम्हाला कळलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी पहिल्यांदा आहारतज्ज्ञ मॅडम वॉर्डात आल्या. त्यांनी ताईच्या पोटरीला हात लावला, दंड बोटांनी चाचपला, आणि हिंदीत म्हणाल्या, "इनको जलने से ज़्यादा भूख ने गिराया है. ये मालन्यूट्रिशन है." मालन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण. हा शब्द मला नवा नव्हता. मी पत्रकं लिहिते. हॉस्टेलच्या पोरांना मिळणाऱ्या पाणचट वरणावर लिहिली आहेत, अंगणवाडीतल्या खाऊवर लिहिली आहेत. पण पगारदार मास्तरणीला, शहरातल्या दवाखान्यात, उशाशी डब्यांची चळत असताना कुपोषण होतं, हे मी कुठंच वाचलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरचं माणूस आज खाटेवर पडलं आहे त्यांच्यासाठी.

दवाखान्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की तुम्ही म्हणाल, चला, तिथं जायचं नाही, आणि निश्चिंत व्हाल. निश्चिंत व्हायची सोय मी ठेवणार नाही.

झालं ते असं. आमच्या गावच्या विहारात वर्षावासाचं भोजनदान होतं. तुरीच्या वरणाचा मोठा गंज चुलीवरून उतरवताना एका बाजूचं फडकं सुटलं, आणि उकळतं वरण ताईच्या पोटावर, दोन्ही मांड्यांवर आणि उजव्या हातावर आलं. शरीराचा जवळपास तिसरा हिस्सा. कोणाची चूक नव्हती. त्या फडक्याबद्दल मला कोणाला काही विचारायचं नाही. मला विचारायचं आहे ते पुढचं.

भाजलेलं माणूस पहिल्या तासांत पुष्कळदा पूर्ण शुद्धीत असतं, हे मला तेव्हा कळलं. ताई स्ट्रेचरवर पडून माझी ओढणी नीट करायला सांगत होती. त्या माणसानं विचारलं, "वेट?" ताईनं तेलुगूत सांगितलं, "डेब्बै." सत्तर. तिला पक्कं माहीत होतं. शाळेत लेकरांची तपासणी झाली तेव्हा तीही काट्यावर उभी राहिली होती आणि पाचवीच्या पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या होत्या. ताई उंच, हाडापेरानं मोठी. पण चादरीखाली आडवी पडलेली बाई कशी दिसते ते तुम्हाला माहीत आहे. तो हसला. "डेब्बै? जाने दो अम्मा." आणि लिहिलं पंचेचाळीस. गावाकडची बाई म्हणजे पंचेचाळीस, हे त्यांचं ठरलेलं माप.

मी भांडायला तोंड उघडलं, तर ताईच म्हणाली, "लिहू दे वं प्रज्ञा. बारीक दिसून राह्यली मी त्याले. कोणी म्हणते काय एवढं कधी?"

आम्ही दोघी हसलो. काट्यावर त्या दिवशी तिला कोणी ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आता तो आकडा काय करतो ते सांगते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माणूस अगदी गप्प पडून असलं, बोटही हलवत नसलं, तरी शरीर जळण मागत असतं. हृदय चालवायला, श्वास ओढायला, मेंदू जागा ठेवायला, अंग ऊबदार ठेवायला. याला बेसल मेटॅबॉलिक रेट म्हणतात, म्हणजे पडल्या जागी शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं तो दर. तो नेमका मोजायचा तर श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लागतं. ते आमच्याकडे नाही. ठीक आहे, नसेल. मग सूत्रानं अंदाज काढतात. सूत्राला चारच गोष्टी लागतात: बाई की पुरुष, वय, उंची आणि वजन. यातलं वजनच खोटं असेल तर पुढचं सगळं नीट केलेलं गणितही खोटंच येतं.

पंचेचाळीस किलोवर ताईचा अंदाज आला बाराशेच्या आत. मोठे डॉक्टर राऊंडला आले की मी विचारायची, हिला खायला पुरेसं मिळतं आहे ना? ते कागद न बघता सांगायचे, "बारह सौ दे रहे हैं. बेड पेशंट है, पड़ी हुई है, काफी है."

पडली आहे ना, मग काय लागतं. हे वाक्य मी त्या वॉर्डात सगळ्यांकडून ऐकलं. डॉक्टरकडून, सिस्टरकडून, भेटायला आलेल्या प्रत्येकाकडून. आणि माझ्या आईकडून.

इथं मला माझ्या माणसांबद्दलही लिहावं लागेल. दुसऱ्यांवर पत्रक काढायचं आणि घरचं झाकायचं, हे मला जमत नाही.

आमच्याकडे जखमेच्या माणसाला पथ्य असतं. डाळ नाही, अंडं नाही, मटण नाही, वांगं नाही. दिलं तर जखमेत पू धरते. पू धरू नये म्हणून भाताची पेज आणि ज्वारीची आंबील, तीही पातळ. आईनं हे तिच्या सासूकडून घेतलं, सासूनं तिच्या आईकडून. दवाखान्यातून रोज एक उकडलेलं अंडं, दूध आणि पाव यायचा. अंडं आई शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या पोराला देऊन टाकायची. दूध अर्धं. हे सिस्टर बघायच्या. एकीनंही आईला थांबवलं नाही. ताटात गेलं ते पोटात गेलं, असं धरून बाराशेचा हिशेब रोज पूर्ण होत होता.

गावातून बायका भेटायला येत. कौसल्याकाकू आली तेव्हा ताईनं आंबिलीची वाटी बाजूला सारली. आई आर्जव करायला लागली, तर काकू म्हणाली, "राहू दे ना माय, काऊन जबरदस्ती करते? सलाईन चालू हाय ना तिले. ताकदीची बाटली हाय ते."

तुमच्याकडेही असंच म्हणतात की नाही? मग नीट वाचा. साधी सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. त्यात जेवण शून्य आहे. ग्लुकोजची एक लिटरची बाटली लावली, तर त्यात साधारण पन्नास ग्रॅम साखर असते, म्हणजे दोनशे कॅलरीसुद्धा धड नाहीत. बाटली जीव वाचवते, पाणी भरून काढते. ती भाकरी नाही. ही गोष्ट त्या वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि तेलुगूत लिहिलेली हवी होती. भिंतीवर लिहिलं होतं 'शांतता राखा'.

ताई उतरत चालली हे आम्हाला चेहऱ्यावरून कळलं नाही. चेहरा सुजलेला होता. कळलं ते पट्ट्यांवरून. सकाळी ड्रेसिंग झालं की मांडीची पट्टी घट्ट असायची, आणि दुपारपर्यंत गुडघ्याकडे घसरायची. सिस्टर वैतागायची, "कौन खोल रहा है इसको?" कोणी खोलत नव्हतं. मांडीच बारीक होत होती. सिस्टरनं उपाय काय केला? पट्टी आणखी आवळून बांधली.

ताई त्यावरही बोलली. "माह्या मांड्या कमी करायच्या म्हून लग्नाआधी किती फिरली मी त्या पांदणीनं. आता बघ, बसल्या जागी होऊन राह्यलं."

मग पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्या मॅडम आल्या. तरुण, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. सगळ्या वॉर्डांना मिळून त्या एकट्याच होत्या, म्हणून आमची पाळी यायला एवढा वेळ लागला, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी कागद पाहिला, ताईकडे पाहिलं, परत कागद पाहिला. "पैंतालीस किसने लिखा?" ताई हळूच म्हणाली, "मी नाही."

वॉर्डात उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन करायचा काटा नव्हता. मॅडमनी मावशींना स्वयंपाकघराच्या कोठीत पाठवलं. तिथून तांदळाची पोती तोलायचा पाट्याचा काटा आणला. त्यावर आधी रिकामं स्ट्रेचर ठेवलं, मग चादरीसकट ताईला उचलून त्यावर घेतलं. ती कण्हली नाही, पण माझं मनगट तिनं डाव्या हातानं धरलं होतं त्यावर नखं उमटली. स्ट्रेचर वजा जाता ताई भरली एकसष्ट. त्यात ओल्या पट्ट्याही आल्या. सत्तरातले नऊ किलो गेले होते.

मॅडमनी माझ्यासमोर फोनवर हिशेब केला आणि मला एकेक पायरी समजावली. असं करणाऱ्या त्या पहिल्या. सत्तर किलोच्या, ताईच्या उंचीच्या बाईला निरोगी असताना, नुसतं पडून राहायला साडेचौदाशेच्या आसपास लागतात. पण भाजलेलं शरीर पडून असलं तरी आराम करत नसतं. कातडी गेल्यामुळे ऊब आणि पाणी सतत बाहेर जातं, शरीर ती ऊब परत तयार करत राहतं, आतून ताप धरतं, नवं मांस विणत बसतं. याला हायपरमेटॅबॉलिझम म्हणतात, म्हणजे शरीराची भट्टी वाढलेली असणं. एवढ्या मोठ्या भाजण्यात गरज जवळपास दुप्पट होते. ताईचा खरा अंदाज आला तीन हजाराला टेकलेला. "ट्रॅक्टर खड़ा है," मॅडम म्हणाल्या, "लेकिन इंजन फुल रेस पर है. डीज़ल कौन डालेगा?"

डिझेल मिळालं नाही की शरीर आपलंच मांस मोडून जाळतं. आधी मांड्या, मग दंड, मग श्वास ओढणारे स्नायू. जखम भरायला काही उरत नाही. जंतूंशी लढायलाही नाही.

तीन हजार लागत होते. कागदावर बाराशे. पोटात जात होते, मॅडमच्या अंदाजानं, पाचशे-सहाशे.

दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांना हे सांगितलं गेलं. मला वाटलं, निदान आता तरी मान खाली जाईल. ते आईकडे वळले. "आप लोग खिलाते नहीं, परहेज़ करते हैं, फिर हमको बोलते हैं." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आईला हिंदी कळते, बोलता येत नाही. ती भिंतीशी बसून राहिली. मग मला म्हणाली, "प्रज्ञा, म्हंजे मीच मारून राह्यली काय वं लेकीले?"

"नाही," मी म्हणाले. "तुले कोणी सांगतलं नाही."

"अंडं रोज देऊन टाकलं मी."

"त्याहीनं पाहिलं ना, माय. रोज पाहिलं."

तिला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. मी त्या डॉक्टरला बाकी सगळं एक वेळ माफ करीन. वजन न करणाऱ्यांनी वजन न केल्याचं ओझं एका अडाणी बाईच्या डोक्यावर ठेवलं आणि ते निघून गेले, हे माफ करणार नाही. पथ्य चूक होतं. पण चुकीचं पथ्य पाळणाऱ्या घरांतूनच रोज माणसं येतात, हे त्या दवाखान्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. विचारायला वेळ नव्हता.

त्या दिवसापासून ताईच्या नाकातून नळी घातली. एन.जी. ट्यूब म्हणतात, नाकातून थेट पोटात जाणारी. दूध, अंड्याचा पांढरा भाग, सोयाबीनचं पीठ, तेल, साखर, सगळं मिक्सरमधून काढून गाळून थोडं थोडं सोडायचं. अंडं फोडण्याचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. ती दुसऱ्याला फोडू देत नसे. एकदम तीन हजार देता येत नाहीत, तेही मॅडमनी सांगितलं. उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात, जीवही जाऊ शकतो. म्हणजे हळूहळू चढवायचं. वेळ तर आमच्याकडे उरलाच नव्हता. दोन दिवस पोटात टिकायचं, तिसऱ्या दिवशी उलटी. परत खाली यायचं, परत चढवायचं.

ताईला नळीची लाज वाटायची. भाऊजी, म्हणजे तिचे मिस्टर, मंडल ऑफिसात कारकून. ते आले की ती तोंड भिंतीकडे करायची. ते खाटेशी उभे राहून शाळेचं सांगायचे, पोरं विचारतात, बदलीवर आलेले सर मारतात. एकदा ती भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "त्या सराले सांगा, मी येऊन राह्यली म्हून."

गणपती बसले त्या आठवड्यात स्किन ग्राफ्ट केलं. ग्राफ्ट म्हणजे शरीराच्या चांगल्या भागाची पातळ कातडी काढून जखमेवर लावणं. चांगला भाग म्हणून पाठीची घेतली, मांड्यांवर घेण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे एका जखमेसाठी दुसरी जखम. ती दुसरी भरायलाही खायला लागतंच.

पाच-सहा दिवसांनी पट्टी उघडली तेव्हा मी दारात होते. चिमट्यानं डॉक्टरांनी ती कातडी उचलली आणि ती निघाली. ओल्या कागदासारखी, कुठंही न चिकटलेली. "टेक नहीं हुआ," एवढंच. म्हणजे रुजलं नाही. आहारतज्ज्ञ मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या. का रुजलं नाही ते मला कळलं: रुजायला अंगात काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर ताप. मग थंडी वाजून ताप. मग सेप्टिसीमिया, म्हणजे जंतू रक्तात उतरणं. औषधं बदलली, महागडी आणली, भाऊजींनी रक्त दिलं. शेवटचे दिवस ती शाळेतलंच बोलत होती, पण कोणाशी ते कळत नव्हतं. पोरींना रांगेत उभं करत होती. नवरात्र बसायच्या आत ताई गेली. सकाळची वेळ होती, आई अंडी फोडत होती.

सगळे म्हणतात, सुजाता जळून गेली. दवाखानाही तेच म्हणतो. नाही. भाजली ती विहारात. त्यातून ती वाचली असती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, तेवढं वैद्यक मला कळत नाही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चान्स था." होता. आणि तो चान्स पहिल्या पंधरवड्यात, सलाईनखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उपाशी मारला गेला.

अशा लेखाच्या शेवटी आभार मानतात. त्या एका मॅडमचे मानते. पुढं लिहवत नाही. या आजारानं मला काही शिकवलं, मी खंबीर झाले, असलं काही झालेलं नाही. झालं आहे ते एवढंच, की आता मला पडलेलं माणूस आराम करताना दिसत नाही. बस स्टँडवर कोणी आडवं दिसलं तरी माझ्या डोक्यात हिशेब सुरू होतो. याचा दिवसाचा खर्च किती, आणि आज पोटात काय गेलं असेल. आई अजून अंडं खात नाही. समजावून पाहिलं, मग सोडून दिलं.

मला भेटायला येऊ नका. फार वाईट झालं म्हणून फोन करू नका, ते मला ऐकून झालं आहे. त्याऐवजी हे करा. तुमचं जे कोणी आज जैनथला, गुडीहत्नूरला, आदिलाबादला, कुठल्याही दवाखान्यात खाटेवर पडलं आहे, त्याच्या उशाशी जा आणि उद्याच्या राऊंडला डॉक्टरसमोर उभे राहा. ते पुढच्या खाटेकडे वळले तर वाटेत उभे राहा. विचारा, याचं वजन काट्यावर केलं का? याला पडल्या जागी दिवसाला किती लागतं, दुखण्यामुळे वर किती लागतं, आणि काल खरोखर पोटात किती गेलं? आकडा तोंडानं सांगायला लावा. हिंदीत विचारा, तेलुगूत विचारा, मराठीत विचारा, हातवारे करून विचारा. घरचं पथ्य असेल तर ते लाज न धरता सांगा आणि सोडा. काटा नाही म्हणाले, तर कोठीतून आणायला लावा. आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.